न दिसणाऱ्या कामाचा पत्ता

शोध : राखाडी कापड फोटो
दिसलो १९१२ वेळा. आत आले २०६ जण. दाराशी आलं, कुणी नाही.

यातला दाराशीचा आकडा वेबसाइटच्या महिन्याच्या अहवालात नव्हता, तो नंतर सुनेने स्वतः जोडला. पहिले दोन आकडे बघून मात्र ती इतकी हरखली की हातातली सुई तिने दातांत धरली आणि तशीच बहिणीला फोन लावला. पहिलं अर्धं मिनिट बहिणीला काही कळलंच नाही.

"दोनशे सहा!" सुई काढून ती म्हणाली. "एका महिन्यात दोनशे सहा परकी माणसं आपल्या वेबसाइटवर!"

बहीण धाकटी. दुसऱ्या शहरात राहून लोकांच्या वेबसाइटी सांभाळायची. रफूच्या दुकानाची वेबसाइटही तिनेच एका रविवारी करून दिली होती. मजकूर आणि फोटो तेवढे घरचे. तिने तिकडे तेच पान उघडलं.

"ताई, हे लोक काय शोधत आले ते वाचलंस का?"

"राखाडी कापड."

"राखाडी कापड फोटो. खाली बघ. 'साधं कापड मोठा फोटो फुकट'. 'कॉम्प्युटरवर मागे लावायला कापडाचं चित्र'. अगं, ही गिऱ्हाइकं नाहीत. यांना पडद्यावर मागे लावायला चित्र हवं होतं. तुमच्याकडे झकास मिळालं. घेतलं आणि गेले."

"पण ते आपल्या रफूचे फोटो आहेत!"

"हो ना. रफू कुठाय त्यात?"

"दिसत नाही. तेच तर काम आहे."

बहिणीने हसू दाबलं. दाबलेलं हसू फोनवरसुद्धा ओळखू येतं.

शोध :
(इथे कुणीतरी काही न लिहिताच बटण दाबलं असावं. तेवढ्यात घरची हकिगत सांगून घेऊ.)

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. मोठी खिडकी, खिडकीपाशी टेबल, टेबलाशी दोन खुर्च्या. एका खुर्चीवर सासरे, म्हणजे नाना, पन्नास वर्षं बसत आले होते. दुसरीवर नऊ वर्षांपासून सून. लग्न होऊन आली तेव्हा तिला बटणसुद्धा धड लावता येत नव्हतं. आता कोटाच्या शिवणीत दडलेल्या जादा कापडातून, शिंपी ज्याला माया म्हणतात त्यातून, ती एकेक धागा काढायची आणि फाटल्या जागी उभा-आडवा असा विणायची की नाना भिंग लावून शोधत बसायचे. सापडला नाही तर म्हणायचे, "ठीक आहे." याहून मोठी शाबासकी त्या घरात नव्हती.

नानांचा धाकटा मुलगा, म्हणजे सुनेचे भाऊजी, गावाच्या दुसऱ्या टोकाला फरशा विकायचे. फरशा खूप, जागा कमी. त्यांचा डोळा या खोलीवर होता. "वहिनी," ते म्हणायचे, "तुम्ही सुई कुठेही बसून चालवाल. माझ्या फरशा स्वयंपाकघरात बसून चालतील का?" नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्याचं मत विचारलं की तो म्हणायचा, "दोघांचंही बरोबर आहे," आणि वह्या तपासायला उठून जायचा.

शेवटी नानांनीच तोडगा काढला.

"पन्नास वर्षं दुकान ओळखीवर चाललं. ओळखीची माणसं आता कमी व्हायला लागली, आणि आहेत ती कोट घालून जाणार कुठे? तेव्हा तीन महिने. तीन महिन्यांत दहा परकी माणसं, कुणीही न सांगता, आपली आपण शोधत या दारातून काम घेऊन आली, तर खोली सुईची. नाही आली, तर फरशांची."

खिडकीत एक काचेची बरणी आली. एक परका माणूस, एक बटण. पहिला महिना संपला तेव्हा बरणीत काय होतं? खिडकीतून येणारा उजेड.

शोध : (दुकानाचं नाव, पत्त्यासकट)
दिसलो ४१ वेळा. रांगेत पहिले.

"पहिले!" नाना म्हणाले. "मी रोज सकाळी बघतो. रोज आपणच पहिले."

"रोज तुम्हीच लिहिता का, नाना?"

"मीच. शिवाय तुझा नवराही शाळेतून अधूनमधून लिहितो म्हणाला. तेवढाच हातभार."

सुनेने हे बहिणीला सांगितलं. बहीण म्हणाली, "नानांना सांग, ज्याला नाव माहीत आहे त्याला शोधायची गरजच काय? हे म्हणजे आपल्याच घरात आपल्यालाच हाक मारायची आणि आपणच ओ द्यायची. नीट ऐक. अहवालात किती वेळा दिसलात म्हणजे किती जणांच्या नजरेखालून गेलात. किती आले म्हणजे थांबून कितींनी दार ढकललं. मग रांगेत तुम्ही कितवे. पण ते सगळं राहू दे. सगळ्यात डावीकडे त्यांनी काय लिहिलं ते असतं. ते वाच. माणूस तिथे बसलेला असतो."

एवढं सगळं सुनेने नानांना समजावलं, अर्थात राखाडी कापडाच्या फोटोसकट. नानांनी भिंग कपाळावर सरकवलं.

"दोनशे सहा जणांनी आत येऊन फोटो पाहिले?"

"हो."

"घरी नेऊन लावलेसुद्धा? रोज समोर बघत बसायला?"

"हो."

"आणि एकालाही रफू दिसला नाही?"

"एकालाही नाही, नाना."

"वा!" नाना म्हणाले, आणि त्या दुपारी त्यांनी चहा दोनदा घेतला.

आता या माणसाला काय सांगायचं? सून टेबलाशी बसून स्वतःच्याच वेबसाइटवरचा मजकूर पुन्हा वाचू लागली. नानांनी सांगितला होता, तिने टिपला होता: 'वस्त्राचे मूळ रूप सन्मानपूर्वक पूर्ववत करून दिले जाते.' यात कोट फाटल्याचा पत्ता नव्हता. असणार कसा? दुकानाची रीतच तशी. गिऱ्हाइकाच्या कपड्याला काय झालंय त्याचं नाव घ्यायचं नाही. कसं झालं ते विचारायचं नाही. कुणाचं होतं ते तिसऱ्याला सांगायचं नाही. म्हणून तर फोटो फक्त काम झाल्यानंतरचे. आधीचे म्हणजे गिऱ्हाइकाची लाज. ती चव्हाट्यावर मांडायची नाही.

वरती कुणीतरी शोधत होतं, खाली हे लपून बसले होते. सन्मानपूर्वक.

शोध : सिगारेटने कोटाला भोक
दिसलो ३ वेळा. रांगेत चौऱ्याऐंशीवे. आलं कुणी नाही.

हे तिला अहवालाच्या तळाशी सापडलं. त्याखाली आणखी होते.

सासूची शाल इस्त्रीने जळली कळू न देता
उंदराने सूट कुरतडला उद्या मुलाखत
बायकोचा स्वेटर धुताना फाटला सांगू का

"तुमच्या पानावर कोट, शाल हे शब्द कुठेतरी एकदा आलेत," बहीण म्हणाली, "म्हणून दया येऊन चौऱ्याऐंशीवं ठेवलंय."

"पण असं कोण लिहितं गं? सासूला कळू न देता?"

"पुष्कळ जणी लिहितात. एखाद्यानेच विचारलेला प्रश्न अहवालात दाखवतच नाहीत, माणूस ओळखू येईल म्हणून. हा आलाय, म्हणजे बऱ्याच जणींनी विचारलाय."

सुनेने हे प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरात उतरवले आणि नानांसमोर ठेवले. नानांनी भिंगाशिवायच वाचले. मग भिंग लावून वाचले.

"हे सगळं खरं लिहितात?"

"खोटं लिहिलं तर खरं उत्तर कसं मिळेल?"

नानांनी कागद दूर सारला. तो का सारला ते समजायला एक गोष्ट माहीत हवी. पन्नास वर्षांत या टेबलावर जितके कपडे आले, त्यांतले निम्मे खिळ्याला अडकले होते. निदान गिऱ्हाइकं तसं सांगायची. "खिळ्याला अडकला हो." नाना भिंगातून बघायचे. सिगारेटची कड पिवळसर, इस्त्रीची चकाकणारी, उंदराची स्वच्छ, भांडणात ओढला गेलेला कपडा शिवणीतून तिरका जातो. नानांना सगळं कळायचं, आणि ते म्हणायचे, "खिळे फार झालेत हल्ली."

"पन्नास वर्षं," नाना अखेर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चक्क रुसवा होता, "पन्नास वर्षं माझ्याशी खिळा खिळा करत आले, आणि त्या खोक्याला एका दमात खरं सांगतात? मी काय त्यांना खाल्लं असतं?"

"तुम्ही भिंग लावून बघता, नाना."

"आणि ते बघत नाही?"

"बघतं. पण त्याचे डोळे दिसत नाहीत."

नानांनी कागद पुन्हा ओढला. "या शालवाल्या सुनेला उत्तर कुणी दिलं मग?"

"कुणी नाही. आपण चौऱ्याऐंशीवे होतो."

"लिही," नाना म्हणाले.

"पण नाना, रीत? आपण तो शब्द घेत नाही ना."

"आपण कुठे घेतोय? त्यांनी घेतलाय. त्यांचा प्रश्न त्यांच्या शब्दांत वर ठेव. खाली आपण बोलू. लिही."

शोध : सासूची शाल इस्त्रीने जळली कळू न देता

'कळेल. मात्र रफू झाल्यावर शाल कुठे जळली होती ते कळणार नाही. जळालेली कड नखाने खरवडू नका. शालीच्या टोकाचं जादा कापड कापून टाकू नका, धागा तिथूनच काढायचा असतो. सासूबाई दुपारी झोपत असतील तर त्या वेळेत आणा.'

शोध : सिगारेटने कोटाला भोक

'वर चिकटपट्टी लावू नका. सिगारेट सोडली असं घरी सांगितलं असेल तर कोट घडी घालून पिशवीतून आणा. आम्ही विचारत नाही.'

शोध : उंदराने सूट कुरतडला उद्या मुलाखत

'उद्यापर्यंत होणार नाही. मुलाखतीला दुसरं काही घाला. सूट मात्र आणा. उंदराचं काम स्वच्छ असतं, आम्हाला आवडतं.'

शोध : बायकोचा स्वेटर धुताना फाटला सांगू का

'सांगा. मग दोघं मिळून आणा.'

अशी अठरा उत्तरं झाली. नानांना इतकी गोडी लागली की जेवताना मध्येच ते घास थांबवून म्हणायचे, "कसर लागली असं कुणी विचारलंय का गं?"

फोटोंचा मात्र प्रश्न उरला. बहीण हटून बसली: आधीचा फोटो नसेल तर नंतरचा म्हणजे नुसतं राखाडी कापड. नाना हटून बसले: गिऱ्हाइकाची लाज दाखवायची नाही. दोन दिवस सून दोघांमध्ये सापडली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःचा चांगला लोकरी कोट टेबलावर पसरला, इस्त्री तापवली आणि बाहीवर टोक टेकवून शांतपणे दहापर्यंत मोजलं.

जळक्या लोकरीचा वास आला तसे नाना आतून धावत आले. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नवा कोट!"

"या जागेचं गिऱ्हाईक मी," सून म्हणाली. "माझी परवानगी आहे. काढू फोटो?"

नाना बाहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काढ. आणि कुणी विचारलं तर सांग, खिळ्याला अडकला."

शोध : उंदराने सूट कुरतडला
रांगेत सहावे.

हे एका दिवसात झालं नाही. पहिल्या आठवड्यात नाना दर तासाला विचारायचे, "आलो का वर?" बहीण म्हणाली, "नानांना सांग, ते शोधयंत्र काय घरचं माणूस आहे, हाक मारली की यायला? ते आपल्या फेरीने येतं, वाचतं, लोक कुठे थांबतात ते बघतं, मग ठरवतं." नाना म्हणाले, "म्हणजे सरकारी कचेरी म्हण की."

दुसरा महिना जवळपास असाच गेला. मग एके दिवशी दारात एक माणूस पिशवी छातीशी धरून उभा राहिला आणि म्हणाला, "उंदराचं काम तुम्हाला आवडतं म्हणे?"

पहिलं बटण.

मग माणसं यायला लागली, आणि सुनेला कळून चुकलं की माणूस शोधत येणं एक, तो परका ठरणं दुसरं. कारण परका कोण ते नाना ठरवणार होते.

"तुम्हाला आमच्याबद्दल कुणी सांगितलं?" नाना प्रत्येकाला विचारत.

"कुणी नाही. फोनवर शोधलं," एक बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात जळकी शाल होती.

"राहता कुठे? पाण्याच्या टाकीमागे? तिथे एक उंच दंतवैद्य होते."

"ते माझे काका."

"बघ!" नाना विजयाने सुनेकडे वळले. "ओळखीच्या निघाल्या. बटण नाही."

"नाना, तुम्ही काकांना ओळखता. या तुम्हाला ओळखत नव्हत्या."

"माझी दाढ काढलीय त्यांच्या काकांनी, आणि मी यांना परकं म्हणू?"

असे चार गेले. एक मेव्हण्याचा वर्गमित्र निघाला, एक पूर्वीच्या पोस्टमनचा जावई. एका माणसाशी नानांनी पाऊण तास बोलून शेवटी कुठल्याशा चुलत आत्याचं घर जुळवलं. बिचारा खूश होऊन गेला. सुनेने रागाने तीन वेळा सुई बोटात टोचून घेतली.

शेवटच्या आठवड्यात बरणीत नऊ बटणं होती. भाऊजी फीत घेऊन आले आणि खोलीची लांबी-रुंदी मोजू लागले.

"अजून चार दिवस आहेत, भाऊजी."

"मोजायला काय जातंय, वहिनी? आकडा नुसता माहीत असावा." मोजून झाल्यावर ते नानांना म्हणाले, "नाना, तुमचा तो करडा कोट द्या ना एक दिवस. आज व्यापाऱ्यांचं जेवण आहे. चारचौघांत जरा वजन पडतं."

तो कोट नानांचा जीव की प्राण. त्यात त्यांच्या स्वतःच्या हातचे तेरा रफू होते आणि ते कुठे आहेत हे जगात एकट्या नानांना ठाऊक होतं. "जपून," एवढंच ते म्हणाले.

शेवटचा दिवस उजाडला. सकाळी कुणी नाही. दुपारी कुणी नाही. सुनेने टेबलाचे खण आवरायला घेतले, म्हणजे उद्या आवरावे लागले तर आज सवय झालेली असावी. नाना तिच्याकडे न बघता भिंग पुसत होते. चार वाजता दारात एक ड्रायव्हर उभा राहिला. खांद्यावर रुमाल, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"रफू इथेच ना? 'कळेल' असं लिहिलंय, ते तुम्हीच का?"

"मीच," नाना म्हणाले.

"तिथेच मला विश्वास बसला. बाकी सगळे लिहितात, शंभर टक्के कळणार नाही." त्याने कागद सोडला.

आत करडा कोट होता.

सुनेने तो ओळखला. नानांनी ओळखला हे फक्त त्यांच्या हातावरून कळलं. पुसता पुसता तो थांबला. मग त्यांनी भिंग लावलं आणि डावी बाही उजेडाकडे वळवली. वाटाण्याएवढी गोल जागा. काळी, टणक कड.

"खिळ्याला अडकला," ड्रायव्हर म्हणाला.

"हो का? खिळा गरम असेल," नाना म्हणाले. "कोट तुमचा?"

"नाही हो. मालकांचा. म्हणजे त्यांचाही नाही, त्यांच्या वडिलांचा. मला चार दिवस झालेत कामाला लागून. मालक म्हणाले, लांब कुठेतरी नेऊन गुपचूप करून आण, म्हाताऱ्याला कळलं तर माझी धडगत नाही. म्हातारा फार खवट आहे म्हणे."

"फार?"

"फार. माणसांकडे भिंग लावून बघतो म्हणे."

नानांनी भिंग हळूच काढून टेबलावर ठेवलं. मागे सून, ओवलेल्या सुईत पुन्हा दोरा ओवत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"मालकांनीच पाठवलं का इथे?"

"छे! ते म्हणाले, तू शोध. गाडी बाजूला घेतली आणि लिहिलं: 'कोटावर लोखंडाची ठिणगी पडली मालकाच्या वडिलांना कळू नये'." बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली.

"खिळा म्हणालात ना?"

"खिळाच," ड्रायव्हर म्हणाला, आणि मग त्याचा धीर सुटला. "मालकांनी लोखंडी मांडण्या करायला टाकल्यात. कुठल्याशा खोलीच्या मापाच्या. जेवणाहून परत येताना कोट अंगात असतानाच वेल्डिंग बघायला वाकले."

सुनेने खोलीच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. चार दिवस बाकी असताना, म्हणजे, मांडण्या करायला टाकल्याही होत्या.

आता नानांची उलटतपासणी सुरू झाली आणि सून मनातल्या मनात मोजू लागली. "मूळचे कुठले?" जुळेना. "सासुरवाडी?" जुळेना. "वडील काय करायचे? शाळा कुठली? आजोळ?" नाना आजोबांपर्यंत गेले, पणजोबांच्या उंबऱ्यावरून परत आले. दंतवैद्यसुद्धा निघाला नाही. ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "रफूला एवढं लागतं का?"

"लागतं," नाना म्हणाले. त्यांनी खणातून बटण काढलं आणि बरणीत टाकलं. त्याचा आवाज झाला, टण्. "परवा या."

ड्रायव्हर गेल्यावर त्यांनी कोट उचलला, स्वतःच्या खुर्चीसमोर ठेवला, मग उचलून सुनेच्या खुर्चीसमोर ठेवला.

"यात माझे तेरा आहेत. चौदावा तू कर."

शोध : दहावा कोण

हे कुठे टाइप झालं नाही. संध्याकाळी भाऊजी आले आणि त्यांनी तोंडाने विचारलं. बरणी उलटी करून बटणं दोनदा मोजली होती.

"गिऱ्हाइकाचं नाव आपण सांगत नाही," नाना म्हणाले.

"पण परका होता ना? नक्की?"

"आजोबांपर्यंत जाऊन आलो."

"काय घेऊन आला होता?"

"कोट. परवा न्यायला येईल."

भाऊजींची नजर टेबलावर गेली. पांढऱ्या फडक्याखालून एक करडी बाही बाहेर आली होती. भाऊजी तिच्याकडे बघत राहिले. नाना खिडकीबाहेर बघत राहिले. सून बटणं एकेक करून परत बरणीत टाकत होती, आणि प्रत्येकाचा आवाज होत होता.

"कुणाच्या तरी वडिलांचा आहे," नाना म्हणाले. "म्हातारा खवट आहे म्हणे."

भाऊजींनी घसा साफ केला. घड्याळ पाहिलं. पुन्हा घसा साफ केला.

"इतका काही नाही," ते शेवटी म्हणाले. मग खोलीच्या रिकाम्या भिंतीकडे हात करत, जरा खाली आवाजात: "वहिनी, माझ्याकडे लोखंडी मांडण्या आहेत. इथल्याच मापाच्या. धागे ठेवायला होतील तुम्हाला?"

"मापाच्या कशा हो, भाऊजी?"

"आकडा नुसता माहीत होता," भाऊजी म्हणाले.

शोध : (एकदाच विचारलेला, म्हणून अहवालात नाही)

पुढच्या महिन्याचा अहवाल आला. राखाडी कापडाची माणसं अजूनही येत होती, कापड घेऊन जात होती. नानांनी तो फोटो काढू दिला नाही. उंदीर तिसऱ्या क्रमांकावर चढला होता. ठिणगीचा मात्र कुठे उल्लेख नव्हता. सुनेने वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं.

"म्हणजे त्यालाही थोडी रीत आहे तर," नाना म्हणाले.

कोट तोवर परत आला होता, भाऊजींकडून, घडी घालून, "जपून वापरला हं नाना" असं म्हणत. नाना खिडकीशी कोट घेऊन बसले होते. भिंग लावून त्यांनी डावी बाही उजेडाला धरली. फिरवली. उलटी करून आतून पाहिली. मग उजवी बाही पाहिली, उगाच शंका नको म्हणून. पुन्हा डावी.

पाव तास झाला.

"सूनबाई," भिंग न काढता ते म्हणाले, "नेमकं कुठे होतं गं ते?"

सुनेने दोरा दाताने तोडला.

"गिऱ्हाइकाचं सांगत नाही आपण, नाना."